गिरिधरची क्रोमची पेटी

गिरिधर नेहारेला वास येत नाही. मोगऱ्याचा येत नाही, गटाराचा येत नाही, आणि बायकोनं भाजी करपवली तर तिनं सांगेपर्यंत याला पत्ता लागत नाही. "असा नवरा नशिबानं भेटते," असं गोपिका शेजारणींना सांगते आणि हसते. हसते खरी, पण एकदा घरातलं सिलिंडर गळत होतं आणि हा पठ्ठ्या त्याच्या शेजारी पाट टाकून निवांत पेपर वाचत होता. त्या दिवसापासून तिनं त्याला स्वयंपाकघरात एकटं सोडलेलं नाही.

नाक गेलं ते क्रोमच्या टाकीवर. बुटीबोरीत धर्मेंद्रशेठचा लहानसा कारखाना आहे. मोटारसायकलींचे सुटे भाग, कापड गिरण्यांचे रूळ, असल्या लोखंडी वस्तूंवर तिथे क्रोम चढवतात. टाकीत लालसर आम्ल, त्यात वस्तू सोडायची आणि वीज चालू करायची. मग टाकीला बुडबुडे येतात, आणि बुडबुड्यांबरोबर एक बारीक धुकं वर येतं. ते नाकात गेलं की आधी चुरचुरतं, मग रक्त येतं, मग पुढे पुढे काहीच होत नाही आणि माणसाला वाटतं, चला, सवय झाली. सवय कसली बोडक्याची! गिरिधरच्या दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं. रामदासपेठेतल्या डॉक्टरनं ते त्याला दाखवलं आणि बजावलं, की टाकी सोडा, नाहीतर आता फुप्फुसांची पाळी आहे. डॉक्टरला बोलायला काय जातं? टाकी सोडून या वयाच्या माणसानं जायचं कुठे, हे काही त्यानं सांगितलं नाही.

पण गिरिधरचं दैव एकदा तरी उघडलं. धर्मेंद्रशेठला नवीन यंत्रांचा भारी सोस. कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीतून त्यानं एक निर्वात पेटी उचलून आणली होती. पोलादाची, माणूस वाकून आत बसेल एवढी, समोर जाड काचेची गोल खिडकी. पेटीतली हवा पंपानं ओढून घ्यायची आणि क्रोमच्या पत्र्यातून क्रोमचे कण उडवून वस्तूवर बसवायचे. आम्ल नाही, धुकं नाही, सगळा कारभार बंद दाराआड. शेठनं तिच्यात नळाच्या तोट्या चमकवून पाहिल्या, पण तोट्यांना कोणी विचारेना. पेटी धूळ खात पडली. मग एके दिवशी मिनल मॅडम आली.

मिनल नागपूरचीच. शिकून एका संशोधन संस्थेत लागलेली, आणि अणुभट्टीच्या इंधनाच्या नळ्यांवर काम करणारी. तिनं गिरिधरला पहिल्याच दिवशी सगळं समजावलं. भट्टीतलं इंधन बारीक नळ्यांमध्ये भरलेलं असतं. नळ्या झिर्कोनियम नावाच्या धातूच्या. धातू मोठा गुणी, वर्षानुवर्षं पाण्यात उभा राहतो आणि तक्रार करत नाही. पण कधी भट्टीचं पाणी तुटलं आणि नळी तापून लाल झाली, की हाच गुणी धातू वाफेवर असा तुटून पडतो की आणखी उष्णता होते, पेट घेणारा वायू होतो, आणि मग आवरणं कोणाच्या हातात राहत नाही. त्या नळीवर क्रोमचा पातळ थर असला, केसाहून पातळ, तर तो वाफेला काही काळ अडवून धरतो. तेवढ्या वेळात माणसं धावपळ करून पाणी परत आणू शकतात.

गिरिधरनं घरी जाऊन गोपिकाला सांगितलं, "नळीले रेनकोट घालाचं काम आहे. वाफेचा पाऊस आला तं भिजली नाही पाहिजे."

"मंग बटनं कोन लावनार?" गोपिकानं विचारलं, आणि दोघंही पोट धरून हसली.

शेठनं गिरिधरला टाकीवरून काढून पेटीवर बसवलं. तो काळ त्याच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. नाकातलं रक्त थांबलं. रात्रीचा खोकला गेला. पेटी चालू झाली की खिडकीतून जांभळट उजेड दिसायचा आणि त्यात नळ्या आपल्याभोवती हळूहळू फिरायच्या. गिरिधर समोर स्टुलावर बसून बघत राहायचा. टाकीवरचा नत्थू येता-जाता त्याला चिडवायचा, "काय गा, देवदर्शन झालं का?" नत्थू त्याच्या शेजारच्या गावचा. गिरिधरनंच त्याला या कारखान्यात आणलं होतं, आणि आता नत्थूच्या नाकातून रक्त यायला लागलं होतं. ते दिसलं की गिरिधर मान वळवायचा.

म्हणून शेठनं शब्द दिला तेव्हा गिरिधरला आभाळ ठेंगणं झालं. मिनलच्या संस्थेनं वीतभर लांबीच्या काही नळ्या चाचणीसाठी पाठवल्या होत्या. त्यांच्यावर थर द्यायचा, मग त्या संस्थेच्या लहान चाचणी-भट्टीत वाफेवर तापवायच्या. टिकल्या, तर नेहमीचं काम मिळणार होतं. शेठ म्हणाला, "पास झाल्या न गिरिधर, तं दुसरी पेटी घेतो. टाकीवरचा एकेक माणूस इकडं आणू. पहले नत्थू." आणि नापास झाल्या तर? शेठनं हात झटकले. मग पेटी विकायची, आणि गिरिधरनं परत टाकीवर जायचं. धंदा म्हणजे धंदा, कोणी धर्मशाळा उघडून बसलेलं नाही.

नळ्यांवर थर देण्याचा मुहूर्त निघाला दसऱ्याचा. आमच्याकडे नव्या कामाला दसऱ्याहून मोठा मुहूर्त नाही, मग ते काम अणुभट्टीचं का असेना. मिनलला त्या दिवशी येता येणार नव्हतं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावचे लोक येतात, आणि तिच्या घरच्यांचा तिथे पाणी वाटण्याचा नेम होता. आदल्या दिवशी ती स्वतः उभी राहिली. नळ्या बारीक वाळूच्या फवाऱ्यानं घासल्या, रसायनात धुतल्या, गरम हवेवर सुकवल्या आणि झाकणाच्या ट्रेमध्ये ठेवल्या. निघताना म्हणाली, "काका, आता याले उघडा हात लागला नाही पाहिजे. पेटीत ठेवतानाही हातमोजे घालूनच."

"काळजी करू नका मॅडम," गिरिधर म्हणाला. आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं.

दसऱ्याला बुटीबोरीत जाऊन पाहावं. एरवी तेलानं माखलेली यंत्रं त्या दिवशी न्हाऊन-माखून झेंडूच्या माळा घालून बसतात. कामगार बायकामुलांना घेऊन येतात, पेढे वाटले जातात. गिरिधरनं मात्र गोपिकाला आजवर कधी नेलं नव्हतं. टाकीवर काय दाखवायचं बाईमाणसाला? आम्लानं खाल्लेली फरशी? यंदा त्यानंच तिला आग्रह केला. ती जरीचं लुगडं नेसली आणि शेठच्या ताटावर भरवसा नको म्हणून पूजेचं ताट घरूनच घेऊन आली. कुंकू आणि हळद तिनं तेलात कालवून आणली होती. लोखंडावर कोरडं कुंकू टिकत नाही; तिच्या माहेरी, काटोलला, अडकित्त्यापासून विळ्यापर्यंत सगळ्याला असंच लावायचे.

तिनं पेटीला हळदकुंकू लावलं, पंपाला लावलं, विजेच्या बटणांना लावलं. खिडकीतून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "मायबाई, इतली मोठी! तुमी एकटे चालवता?" गिरिधरनं बाहीनं खिडकीची काच पुसली. त्याचा चेहराच बोलत होता.

तेवढ्यात शेठला काय सुचलं कोण जाणे, त्यानं ट्रेचं झाकण काढलं. "असली लक्ष्मी तं हे होय वहिनी. यालेच कुकू नाही लागलं तं पूजा कायची?"

"लावा, लावा," शेठाणीही म्हणाली.

गिरिधरनं तोंड उघडलं. आता तुम्ही म्हणाल, उघडलं तर बोलायचं होतं! खरंय. पण समोर काय होतं ते बघा. आयुष्यभर जिनं याच्या कपड्यांवरचे पिवळे डाग घासले, ती बाई पहिल्यांदा त्याचं काम पाहायला आली होती. डोक्यावर पदर घेऊन ती वाकली आणि एकेका नळीला बोट लावू लागली, एक हळदीचं, एक कुंकवाचं. ओठ पुटपुटत होते. ती काय मागत होती ते गिरिधरला माहीत होतं. त्यानं उघडलेलं तोंड मिटून घेतलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला ते थांबावं असं वाटतही नव्हतं. एकही नळी तिनं सोडली नाही.

बायका पेढे खायला बाहेर गेल्यावर गिरिधरनं शेठला गाठलं. "शेठ, परत धुवा लागन सगळ्या. पहिल्यापासून."

"कितीक वेळ?"

"अर्धा दिवस तं जाईनच."

"पागल झाला का गा? मुहूर्त टळून राहिला. पुसून टाक न."

आता मुहूर्त टळला तर काय आभाळ कोसळणार होतं? पण शेठचा बाप मुहूर्त पाहून मोठा झालेला, आणि शेठ बापाच्या वरताण. गिरिधरनं हातमोजे चढवले, रसायनात कापड भिजवलं आणि नळ्या पुसायला घेतल्या. दाराकडे पाठ करून. सवाष्णीनं मनोभावे लावलेलं कुंकू, तेही स्वतःच्या बायकोनं, नवऱ्यानंच पुसायचं! लाल-पिवळं दिसेनासं झालं तिथे तो थांबला. वाळूनं खरखरीत केलेल्या धातूत तेल कसं मुरून बसतं, हे त्याला मिनलनंच शिकवलं होतं. पण त्यानं आणखी घासलं नाही.

पेटी चालली. जांभळा उजेड आला. नळ्या बाहेर निघाल्या त्या अशा लखलखीत, की नत्थूनं त्यात पाहून मिशी नीट केली. कुठे डाग नाही, ओरखडा नाही. क्रोमचा हाच तर गुण आहे, खाली काय झाकलंय ते तो सांगत नाही. मिनल दुसऱ्या दिवशी आली आणि नळ्या घेऊन खुशीत गेली. त्या वेळी तरी गिरिधरनं सांगावं की नाही? शेठ बाजूला उभा होता. गिरिधर म्हणाला, "मॅडम, जरा सांभाळून तपासजा." ती म्हणाली, "हो काका." मग त्यानं ट्रे तिच्या गाडीत नेऊन ठेवला.

दिवाळी आली आणि गेली. गोपिका ज्याला-त्याला सांगत होती, की अणुभट्टीच्या नळ्यांना पहिलं कुंकू तिच्या हातचं लागलं. पाहुणे कौतुक करत. गिरिधर चकली खात खाली पाहायचा. झोपेत त्याला नळ्या दिसायच्या. कधी त्याला वाटायचं, तेवढ्याशा तेलानं काय होतंय? आपण पुसलं की. मग वाटायचं, पुसलं खरं, पण कसं पुसलं? हे कोणाला विचारायची सोय नव्हती.

मिनल परत आली तेव्हा थंडी पडली होती. तिनं शेठच्या टेबलावर पांढरा कागद पसरला आणि त्यावर नळ्या मांडल्या. भट्टीतून निघालेल्या नळ्या हिरवट करड्या झाल्या होत्या, तशाच व्हायला पाहिजेत. पण प्रत्येकीवर दोन ठिकाणी क्रोम फुगून पापुद्र्यासारखं उडालं होतं, आणि तिथे खालचा धातू जळून पांढरट, भुसभुशीत झाला होता. दोन गोल, शेजारी शेजारी.

"बाकी थर इतका छान बसला आहे," मिनल म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "हे दोन ठिपकेच समजत नाहीत. नळी फिरवणाऱ्या दांडीचा दोष असेल का काका? की पेटीतच काही ठिणगी उडत असेल? सगळ्यांवर सारखं कसं होईल?"

गिरिधरला कळलं होतं. ती बोटं त्यानं ओळखली होती. त्यानं शेठकडे पाहिलं. शेठ खिडकीबाहेर पाहत होता. म्हणजे त्यालाही कळलं होतं. गप्प राहावं तर पेटी बदनाम होते, बोलावं तर गोपिका. शेवटी गिरिधर बोलला, कारण पेटीनं काहीच गुन्हा केला नव्हता.

"मॅडम, ते बोटं होत. हळदीकुकवाचे. दसऱ्याची पूजा झाली. मी पुसलं, पन कमी पडलं."

मिनलनं एक नळी उचलली आणि त्या दोन गोलांवर आपली दोन बोटं ठेवून पाहिली. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "मला तेव्हा सांगितलं असतं तर भट्टीत टाकल्याच नसत्या काका," ती म्हणाली. "धुऊन, खरवडून पुन्हा केलं असतं. आता या गेल्या."

"अजून नळ्या नाही भेटनार का?"

"मी लिहून पाहते."

तिनं खरंच लिहिलं. पेटीचा दोष नाही, थर चांगला आहे, चूक हाताळणीत झाली, असं सगळं. वरून उत्तर आलं ते तिनं फोनवर सांगितलं. जिथे नळीला बोट लागू शकतं, तिथे ही नळी पाठवता येत नाही. बस, एवढंच. आणि यात चूक काय होतं? काही नाही. गिरिधरनं रात्रभर उलटसुलट करून पाहिलं, त्याला त्या वाक्यात खोट सापडली नाही. राग काढावा तर कोणावर? शेठवर काढावा तर त्यानं लक्ष्मी म्हणूनच झाकण उघडलं होतं. मिनलवर काढावा तर ती बिचारी त्याच्याच बाजूनं भांडली होती. आणि बायकोवर? तिच्यावर तर राग येईनाच.

पेटी रायपूरच्या एका नळाच्या तोट्या करणाऱ्याला गेली. ट्रकवर चढवताना गिरिधरनंच तिच्या खिडकीवर गोणपाट बांधलं, काच फुटू नये म्हणून. शेठ त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वहिनीले सांगजो नको गा. मनाले लावून घेईन." नत्थूलाही सगळं माहीत होतं. तो नाकाला रुमाल लावून टाकीकडे गेला, आणि त्याच्या मागोमाग गिरिधर.

गोपिकाला एवढंच सांगण्यात आलं, की नळ्या पास झाल्या नाहीत. तिनं विचारलं, "काहून?" गिरिधर म्हणाला, "भट्टीत टिकल्या नाही." हे काही खोटं नव्हतं.

टाकीवर गेल्यापासून पंधरवड्यात खोकला परतला. रात्री उशीवर लाल डाग पडू लागले. गोपिका सकाळी अभ्रा बदलायची. ती अलीकडे उतरल्यासारखी दिसत होती. एकदा भाजीबाजारात तिला चक्कर आली आणि शेजारणीनं धरून घरी आणलं. गिरिधरनं डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाली, ऊन लागलं असेल. थंडीत कसलं ऊन?

त्या संध्याकाळी जेवताना त्याचं वरण संपलं म्हणून त्यानं तिच्या वाटीतलं थोडं घेतलं. नाक गेलं तरी जिभेला मीठ अजून कळतं.

"हे अळणी काहून वं?"

"ते माह्यं आहे. तुमचं शेगडीवरच्या गंजात आहे, घ्या न."

"अळणी काहून खाऊन राहिली तू?"

गोपिकानं आधी भाकरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मीठ सोडलं म्या. तुमी टाकीवर गेले त्या दिवसापासून. तुमाले परत पेटी भेटेपर्यंत नाही खानार."

"पेटी विकली गोपिका. ते येत नसते आता."

"देवाले काय अवघड आहे?"

गिरिधरनं घास खाली ठेवला. त्याला वाटलं, आता पुरे. शेठ काही म्हणो, ही अशी चक्कर येऊन पडून राहण्यापेक्षा हिला खरं कळलेलं बरं. रडेल, दोन दिवस बोलणार नाही, पण मीठ तरी खाईल. तो पाणी प्याला आणि त्यानं सुरुवात केली.

"ऐक. त्या दसऱ्याले तू नळ्याइले जे बोटं लावले न..."

"तेच तं!" गोपिकानं त्याला पुढे बोलूच दिलं नाही. तिचे डोळे एकदम भरून आले. "तेच माह्या जिवाले खाऊन राहिलं. तुमच्याही ध्यानात आलं न? माही माय जात्याले पाच बोटं ओढे. पाच पाहिजेत, तवा ते पुरं होते. अन् मी काय केलं? शेठ मुहूर्त मुहूर्त करून राहिले होते म्हून घाईघाईत एक हळदीचं, एक कुकवाचं लावलं न सरकलो पुढं. देवाचं काम असं उरकल्यावर टिकन कसं? माह्यामुळंच झालं हे. तुमी बोलले नाही, पन मले समजते."

गिरिधरला जे सांगायचं होतं ते तिनं स्वतःच सांगून टाकलं होतं, आणि त्यात आता बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तसं नाही वं," तो कसाबसा म्हणाला.

"तसंच आहे." तिनं पदरानं डोळे पुसले. "येत्या दसऱ्याले मले टाकीवर घेऊन जाजा. नाही म्हनू नका. टाकीलेच पाच पाच बोटं लावतो. तुमचं न नत्थूभाऊचं नाक तरी राखन ते. नेसान न?"

"नेईन," गिरिधर म्हणाला.

मग तिनं आपल्या अळणी वरणात भाकर कुस्करली आणि दोघं जेवू लागली.